शांतवनची चौथी कॉर्ड

आज सकाळी शांतवन गेला. संस्कृत सोडून मला दुसरं काही शिकवू शकलेला हा एकमेव माणूस.

बहात्तर-त्र्याहत्तरचा दुष्काळ. पुणतांब्यात गोदावरी आटली होती. आमच्या पाठशाळेतलं पाठांतर तेवढं आटत नव्हतं.

शांतवनच्या घरी गिटार होती. थोरला भाऊ दाविद ती मुंबईहून घेऊन आला, परत मुंबईला गेला आणि तिकडेच तापानं वारला.

दाविदला तीनच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे तीनच मेळ, यायच्या. जी, सी, डी. चर्चमधली निम्मी गाणी त्या तिघींत बसतात. शांतवन त्याच तीन वाजवायचा आणि मला शिकवायचा.

मी घरी ‘रूपं घोकायला जातो’ असं सांगून जायचो.

माझी बोटं जीवरून सीवर वेळेत पोचेनात. मग मी जटापाठ लावला. वेदपाठात दोन शब्द सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात, तसा. जी-सी, सी-जी, जी-सी.

शांतवन म्हणाला, “पंडित, ही गिटार हाय. श्राद्ध न्हाई.”

पुढे पुण्याला मामाकडे गेलो तेव्हा तिथल्या एका कॉलेजच्या पोराकडून ई मायनर ही चौथी कॉर्ड शिकून आलो. दोन बोटांचं काम. पण गाण्यात एकदम सावली पडल्यासारखं वाटतं.

शांतवनला म्हटलं, शिक. नको म्हणाला. मी म्हटलं, तुझी प्रज्ञा त्रिगुणातच अडकली आहे. तो नुसता हसला.

म्हणून एका संध्याकाळी त्याच्याच ओसरीवर मी ती वाजवली.

आत चुलीपाशी त्याची आई होती. मोतीबिंदूनं तिला जवळजवळ दिसत नसे. भाकरी थापायचा आवाज थांबला.

“कोन हाय रं बाहेर? दाविदला हे येत न्हाई.”

शांतवननं माझ्या हातातून गिटार काढून घेतली. जी. सी. मग जरा अडखळून डी.

आतून आवाज आला, “भाकरी टाकते रं दाविद. बस.”

भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला.

तो मला रस्त्यावर घेऊन गेला.

“दादा गेल्याचं बापानं सांगितलं. पाद्रीबाबांनी सांगितलं. तिनं ऐकलं आन् ठेवून दिलं. सांजचं हे वाजलं की ती जेवती. न्हाईतर उपाशी झोपती.”

“आणि ते डीला अडखळणं?”

“दादा अडखळायचा.”

 

त्यानंतर दीड-दोन वर्षं तो रोज संध्याकाळी दाविद व्हायचा. लग्नाला गेला तरी दिवेलागणीला घरी. परगावची नोकरी चालून आली, तीही सोडली.

मग आई गेली.

दफन झालं, पाहुणे पांगले. शांतवन ओसरीवर गिटार घेऊन बसला आणि मला म्हणाला, “पंडित, ती चौथी दाखव.”

मी त्याची दोन बोटं तारांवर ठेवली. ई मायनर पहिल्याच झटक्यात स्वच्छ वाजली.

त्यानं लगेच तारांवर तळहात ठेवून आवाज बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो.

आतून कुणी काही विचारलं नाही.

“आता मी वाजवतो,” तो म्हणाला.

पुढे पन्नासएक वर्षं त्यानं खूप वाजवलं. पोरांना शिकवलं, मला कठीण वाटणाऱ्या कॉर्डसुद्धा. मी मात्र चारांवरच राहिलो.

जा शांतवन. श्रद्धांजली तुला, आणि त्या घरात ज्याचा शोक कधी मोठ्यानं करता आला नाही त्या दाविदच्या आठवणीलाही.