जाणाऱ्याला दही

आमच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या आणि पडलेल्या जवळजवळ सगळ्या उमेदवारांनी माझ्या तानूआत्याच्या दारात उभं राहून स्वतःचा तळहात चाटलेला आहे. वाक्य जरा आगाऊ वाटतं, पण त्याला इलाज नाही.

प्रचाराची गाडी वाडीत शिरली की बाकीच्या बायका ताट, निरांजन, कुंकू घेऊन दारात उभ्या राहायच्या. तानूआत्या दह्याची वाटी घेऊन. "हात फुडं करा," म्हणायची. उमेदवाराला वाटायचं, कुठला तरी प्रसाद असणार. तो भक्तिभावाने हात पुढे करायचा आणि त्याच्या तळव्यावर दह्याचा गोळा पडायचा. अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे पंचवीस माणसं, पुढे फोटोवाला, आणि मनगटाकडे ओघळत निघालेलं दही. पुसणार कुठे? एकाने आपल्याच कार्यकर्त्याच्या गळ्यातल्या उपरण्याला हात पुसला. आत्या मला नंतर म्हणाली, "ह्यो निवडून आला तर ह्येच करनार बग."

एखादा धीट कार्यकर्ता विचारायचा, "मावशी, ओवाळायचं ऱ्हायलं की."

"जानाऱ्याला दही द्यायचं, आलेल्याला ओवाळायचं. निवडून या, परत या. ताट घासून ठेवलंय."

हे तिचं राजकारण नव्हतं, संसार होता. मामा, म्हणजे तिचा नवरा, फौजेत होते. रजा संपवून निघाले की ती त्यांच्या हातावर दही ठेवायची, डोळ्याला पदर न लावता. पुढच्या रजेला आले की उंबऱ्याबाहेर थांबवून पायांवर पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि मग ताट. "जाताना काय ओवाळायचं?" ती म्हणायची. "जातंय तर समदंच." उमेदवारांना तिने तोच नियम लावला, इतकंच.

आत्याची वाडी औंधच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. हवा स्वच्छ असली की यमाईचा डोंगर दिसतो. पन्नासेक घरं, एक शाळा, एक कडुलिंब. मी तालुक्याच्या कचेरीत निवडणूक शाखेत अव्वल कारकून. घरी मी 'अव्वल' हा शब्द पहिल्या नंबरचा या अर्थाने वापरून बघितला होता. बायकोने दखल घेतली नाही. तर या मतदारसंघाचा इतिहास दोन ठिकाणी होता. एक माझ्या कपाटात, लाल फडक्यात बांधलेला : कोण जिंकला, कोण पडला, किती फरकाने. दुसरा आत्याच्या तोंडात.

तिच्या इतिहासात नावं नव्हती. 'धोतरवाले' होते, ते एसटीने आले आणि दुपारभर कडुलिंबाखाली झोपले. 'चष्मेवाले' होते, त्यांनी वाडीची सगळी गाऱ्हाणी एका डायरीत लिहून घेतली आणि डायरी आत्याच्या ओट्यावरच विसरून गेले. "फडताळात ठिवलीया," आत्या सांगायची. "न्यायला आलंच न्हाईत." 'काचवाले' होते, ते गाडीतून न उतरता हात हलवत चालले होते. आत्या गाडीला आडवी झाली. "काच खाली घ्या. दही हाय." घ्यावी लागली.

मध्येच मतदारसंघाची पुनर्रचना झाली आणि वाडी एका मतदारसंघातून उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकली गेली. मी तिला नकाशा काढून समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आमी हाय तितंच हाय. सासर तेवढं बदललं."

सासर बदललं तरी मागणं तेच राहिलं. प्रत्येक उमेदवाराकडे ती एकच गोष्ट मागायची. रस्ता नाही, हातपंप नाही. "मताची पेटी आमच्या वाडीत आना." पेटीची मशिन झाली तरी तिच्या बोलण्यात पेटीच राहिली. वाडीचं मतदान गावात व्हायचं. गाव म्हणजे माळ चढून, ओढा ओलांडून पाऊण तासाची चाल. म्हातारी माणसं आणायला उमेदवारांच्या ट्रॉल्या यायच्या, पण आत्या त्यात बसायची नाही. "ज्येच्या ट्रॉलीत बसलं, त्येच्या मिठाला जागावं लागतंय. त्यापरीस चाललेलं बरं." छत्री घेऊन ती चालत जायची, मत द्यायची, चालत यायची. प्रत्येक उमेदवार तिला सांगायचा, "मावशी, निवडून आलो की पैलं काम त्येच." आणि ती ताट चिंचेने घासून ठेवायची. निकालानंतर महिनाभर ताट लखलखायचं. मग त्यात पापड वाळायचे.

आता माझ्याबद्दल सांगणं भाग आहे. कितीही टाळलं तरी या गोष्टीत मी येतोच.

दोन वर्षांपूर्वी लोकसभेचं मतदान झालं. मी कचेरीत चार दिवस आणि चार रात्री खुर्चीला चिकटून होतो. त्यानंतर महिन्याभराने आत्याकडे गेलो. ती मटकी निवडत बसली होती. माझी नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली. तिने बोट पदरात घेतलं. मी विचारलं, "आत्या, शाई कुठाय?"

"गेली आसंल भांडी घासून."

"महिन्यात जात नाही ती. आम्हीच वाटतो, मला माहीत आहे."

तिने दोन खडे काढून बाजूला ठेवले. "वड्यापतुर गेलते रं. गुडघा न्हाई म्हनला. बसले दगडावर. ट्रॉली आली हुती, बस म्हातारे म्हनले. कुनाची ट्रॉली, ते इचारलं. मग न्हाई बसले." आणखी एक खडा काढत म्हणाली, "जन्मात पैल्यांदा चुकलं. आता फुडं बी चुकनारच म्हना. गुडघा काय नवा येतोय?"

घरी येऊन मत नोंदवून घ्यायची सोय सरकारने केली आहे, पण तिच्यासाठी आणखी म्हातारं व्हावं लागतं. आत्याला तेवढा धीर नव्हता. विधानसभेला काही महिने उरले होते. त्या आत वाडीला केंद्र मिळालं नाही तर तिचं मत संपलं, हे तिला कळत होतं आणि मलाही. मी घसा खाकरला.

"आत्या, पेटी आणायचं काम आमदाराचं नाही."

"मग कुनाचं?"

"कचेरीचं."

"तुज्या कचेरीचं?"

"हो."

"कुनाच्या टेबलावर येतंय त्ये?"

खोटं बोलायला तिथे बरीच जागा होती. जिल्हा आहे, मुंबई आहे, दिल्ली आहे. पण मटकी निवडणारे हात थांबले होते. मी म्हणालो, "माझ्या."

तिने मटकी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हंजे येवढी वर्सं मी दही वाया घालवलं व्हय?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"मानसाच्या कामाच्या जागी नातं न्हेऊ न्हाई म्हून. तू का न्हाई सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं नाही." हे अस्सल कचेरीतलं उत्तर होतं. तोंडातून गेल्यावर मलाच त्याचा वास आला.

खरी गोम वेगळीच होती. दर निवडणुकीआधी मतदान केंद्रांबद्दल हरकती आणि सूचना मागवणारी नोटीस निघते. ती मीच टाइप करायचो. ती गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायची, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. वाडीतलं कोण ती वाचायला पाऊण तास चालत जाणार? मुदत संपली की मी अहवाल लिहायचो, 'हरकती व सूचना : निरंक.' वीस वर्षं माझी सख्खी आत्या आमदारांच्या हातावर दही ठेवून एकच सूचना करत होती आणि मी स्वच्छ अक्षरात 'निरंक' लिहीत होतो.

त्या आठवड्यात मी नोटिशीची एक प्रत वाडीच्या शाळेच्या दारावर स्वतः चिकटवली. सह्या आणि अंगठे मिळून अख्ख्या वाडीचा अर्ज आला. नात्यातलं प्रकरण म्हणून मी आधीच साहेबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "पाहणी मी करतो. तुम्ही फक्त सुनावणीची पत्रं काढा." शाळेच्या पायऱ्यांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार नव्हता, आणि त्याशिवाय केंद्र मिळत नाही. वाडीच्या गड्यांनी चार दिवसांत उतार घातला. त्यावरून पहिली उतरली ती आत्याची म्हैस.

मग गावाकडून हरकत आली. गावातल्या एका पुढाऱ्याचं म्हणणं असं, की वाडी वेगळी झाली तर गावाची एकी तुटेल. सुनावणीला आत्या मुलाबरोबर एसटीने कचेरीत आली, जन्मात पहिल्यांदा. माझ्या टेबलावरून ओळख न दाखवता पुढे गेली. मी घाम पुसत फायली चाळत राहिलो.

साहेबांनी विचारलं, "मावशी, तुमचं काय म्हणणं?"

"सायेब, वड्याचं पानी नदीत गेलं की कुनाचं म्हून वळखायचं? आमची मतं गावाच्या पेटीत जात्यात. कुनी मोजत न्हाई वाडीनं काय दिलं ते. मग कोन कशाला येतंय?"

"पण स्वतंत्र केंद्र झालं की वाडीनं कुणाला जास्त मतं दिली ते निकालात दिसेल. उद्या कुणी राग धरला तर?"

"धरू दे की. राग धरायला तरी वाडीत यावं लागंल त्येला."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. मला त्यांचं हसू दिसलं, ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

तरी मंजुरी वरून यायची होती. ते दोन महिने मी रोज टपाल स्वतः फोडलं. एरवी टपाल माझ्यापर्यंत पोचायलाच दोन महिने लागतात. आत्याचा एकदाही फोन आला नाही. तिच्या मुलाने, सदाशिवने, केला तेव्हा मागून तिचा आवाज आला, "इचारू नगंस रं, त्येला बी गुडघं हायती." शेवटी मंजूर यादी आली. वाडीच्या शाळेचं नाव तीत होतं, केंद्र क्रमांकासकट. मी ती ओळ तीनदा वाचली आणि कपभर चहा मागवला. चहावाल्याने विचारलं, "सायेब, बढती झाली का काय?"

विधानसभेच्या मतदानादिवशी सकाळी सव्वासातला सदाशिवचा फोन आला. मशिन बंद? नावच गायब? तो म्हणाला, "आई पैली हुती रांगेत. मत दिऊन घरी बी आली. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत." मी फोन ठेवला. दिवसभर तालुक्यातून पन्नास तक्रारी आल्या. त्या मी इतक्या गोडीने ऐकल्या की लोकांना संशय आला असावा.

निकाल लागला. जुनेच आमदार पुन्हा निवडून आले, पण आमच्या वाडीच्या केंद्रावर ते चांगलेच मागे पडले होते. पंधरा दिवसांत, एका रविवारी, त्यांची गाडी कडुलिंबाखाली थांबली. मी योगायोगाने आत्याच्या ओट्यावर होतो आणि शक्य तितका खांबामागे होतो. आमदार थेट दारात आले.

"मावशी, खरं सांगा. वाडीनं मला का दिलं न्हाई? माझं काय चुकलं?"

"सायेब, थांबा तितंच," आत्या म्हणाली. सुनेला तिने पाणी आणायला लावलं आणि आमदारांच्या पायांवर घातलं. मग आत गेली. ताटातले पापड सुपात ओतल्याचा आवाज आला. ताट घेऊन आली, कुंकू लावलं, ओवाळलं. आमदार गोंधळले.

"मावशी, मत न्हाई आन ओवाळताय?"

"मत मशिनीत ठिवून आले, त्ये काय कुनाला दावायचं नस्तंय. ह्ये परत आल्याचं हाय."

आमदार हसले आणि ओट्यावर टेकले. वाडीला काय हवं ते विचारलं. ओढ्यावर फरशीचा पूल हवा, दवाखान्यातली बाई आठवड्याला यायला हवी. त्यांच्याबरोबरच्या माणसाने खिशातून वही काढली, तशी आत्या फडताळातून ती जुनी डायरी घेऊन आली. "ह्येच्यात लिवा. आन ही हितंच ऱ्हानार. तुमाला बगायची झाली तर यावं लागंल." चष्मेवाल्यांच्या गाऱ्हाण्यांखाली आमदारांच्या हस्ताक्षरात दोन ओळी पडल्या. निघताना हातावर दही पडलंच. त्यांनी ते गाडीत बसायच्या आधी, सगळ्यांसमोर चाटलं.

गाडी गेली. आत्या ताट हातात घेऊन माझ्याकडे वळली. "तू बी बस म्होरं."

"मी कशाला? मी काय निवडून आलोय?"

"परत आलास न्हवं? वीस वर्सांनी आलास, पन आलास." निरांजनाची ऊब तोंडाला लागली. इतका हलका मी पेन्शनच्या कल्पनेनेसुद्धा कधी झालो नव्हतो.

फरशीचं काम यंदा सुरू झालं. उन्हाळ्यात आत्या झोपेतच गेली, मागे काही न ठेवता, म्हणजे काम न ठेवता. तिचं नाव यादीतून वगळायचा अर्ज रीतसर माझ्या टेबलावर आला. पडताळणी कागदावरही होते. मी मात्र दुसऱ्याच दिवशी वाडीला गेलो, सदाशिवच्या बायकोशी बोललो, सही घेतली. निघताना तिने माझा हात पुढे ओढला आणि तळव्यावर दही ठेवलं. रुमाल खिशात होता. मी तो काढला नाही.