रोशेलचं गप्प बसणं

आमच्या गिरगावच्या वाडीत माझ्या वरच्या मजल्यावर रोशेल राहते. कुणी अडलेलं तिला बघवत नाही. कांदा चिरताना माझा हात जरा थांबला, की "आंटी, द्या इकडे," म्हणून सुरी काढूनच घेते. कुणाची छत्री मिटेना, कुणाच्या बरणीचं झाकण निघेना, की ही हजर.

अशा मुलीने एका दवाखान्याच्या अ‍ॅपचं नवं रूप तयार केलं. डॉक्टरची वेळ मोबाइलवरूनच घ्यायची, असं ते अ‍ॅप. सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं. वापरणाऱ्यांना काय अडतं ते सांगता आलं नाही, तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून शनिवारी तिने दोन शेजाऱ्यांना घरी बोलावलं. एक गुडघ्याने बेजार दुर्गाताई, दुसरे विमा कचेरीतून निवृत्त झालेले जयवंतराव. मीही गेले. तिच्या आईने मैद्याचे गरमागरम गोड फुगे तळले होते. खाऊन झाल्यावर दोघांनी मोबाइल हातात घेतला, पण कुठे बोट थबकलं की रोशेलचं बोट पुढे. "इथे दाबा, काका." शेवटी "फारच छान केलंयस गं!" म्हणत दोघे उठले.

रोशेल रडकुंडीला आली. "आंटी, एकही अडचण नाही. सोमवारी सांगू काय?"

"अगं, तुझ्या घरचं खाऊन तुलाच नावं कोण ठेवणार? आणि तू त्यांना अडू दिलंस कुठे?"

रविवारी बैठक माझ्या घरी. दोघांना आधीच सांगितलं, नावं ठेवाल तरच चहा. रोशेलच्या तोंडात लिमलेटची गोळी दिली. गोळी संपेपर्यंत बोलायचं नाही.

"गुडघ्यासाठी वेळ घ्या," मी दुर्गाताईंना म्हटलं.

त्यांनी पडदा वरखाली सरकवला. "ऑर्थोपेडिक्स, ईएनटी... यात गुडघा कुठाय? कानही नाही. माणसाचा एक अवयव ठेवला नाही हिने!"

रोशेलचा हात पुढे आला. मी तो धरून ठेवला.

मग जयवंतराव. त्यांनी वेळ घेतली, हिरवी खूण आली आणि चष्मा सारखा करेपर्यंत गेलीसुद्धा. "झालं की नाही झालं?" म्हणत त्यांनी पुन्हा दाबलं. मग आणखी एकदा.

"तीनदा नंबर लावलात," दुर्गाताई म्हणाल्या. "डॉक्टरांना जावई करून घेताय का?"

नशीब, हे सगळं चाचणीपुरतंच होतं. रोशेलने हसता हसता गोळी कडकन फोडली. "काका, मग तुम्हाला कसं हवं?"

"आमच्या कचेरीत पावती हातात पडल्याशिवाय माणूस खिडकीवरून हलत नसे. मी 'बरं' म्हणेपर्यंत ती खूण राहू दे की!"

त्याच संध्याकाळी तिने पडद्यावर गुडघा, कान, डोळे अशी साधी नावं घातली. हिरवी खूणही थांबायला शिकवली.

सोमवारी साहेबांनी काम तिच्याकडेच ठेवलं, वर आणखी माणसांना दाखव म्हणाले. ती ही बातमी सांगत जिन्यात उभी होती, तेवढ्यात जयवंतराव खालून चढत आले.

"पोरी, अ‍ॅपच्या रंगाबद्दल मी अजून बोललोच नाहीये. कफ सिरपची बाटली केलीयस त्याची!"

रोशेल पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा काका. सावकाश सांगा."