दिसतंबाई

समोरच्याला पहिल्याच भेटीत गार करायचं, हा बाईंचा हातखंडा होता. इतिहासातली एम.ए. मिरवत मी कामोठ्याहून पनवेलला त्यांच्याकडे कामाला गेले, तर 'ये, बस' नाही की नाव-गाव नाही. हातात एक पितळी वस्तू ठेवली आणि म्हणाल्या, "काय दिसतं?"

"अडकित्ता," मी ऐटीत म्हणाले.

"ते ऐकलेलं झालं. दिसतं काय?"

दोन पाती, एक खिळा, वरच्या पात्याला घोड्याचं तोंड, घोड्याचा डावा कान मोडलेला. एवढं माझ्याकडून वदवून घ्यायला त्यांना अर्धा तास लागला. मग चहा मिळाला.

तळ्याजवळच्या एका इमारतीतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, हा आमचा संग्रह. दीडशे वर्षांपूर्वीच्या घरांतल्या समया, तस्तं, फणेरपेट्या आणि भिंतीवर पाच-सहा तैलचित्रं. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड लिहायचं, हे आमचं काम. एका समईच्या कार्डावर मी 'पेशवेकालीन' लिहिलं, तर बाईंनी ते माझ्यासमोर टराटरा फाडलं. "पेशवे येऊन सांगून गेले का तुला? दिसतं ते लिही, वाटतं ते घरी ने." मी रडकुंडीला आले. पाठीमागे आम्ही त्यांना दिसतंबाई म्हणायचो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भीड म्हणून कुणाची नाही. इमारतीचे मालक काकासाहेब. खोल्या त्यांच्या, निम्म्या वस्तूही त्यांच्याच घरातल्या. एका कार्यक्रमात त्यांनी घरून आणलेल्या पितळी भांड्यात फुलं रचून ते पाहुण्यांपुढे ठेवलं. बाई उठल्या, फुलं काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही पिकदाणी आहे. यात तुमचे पणजोबा थुंकायचे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! काकासाहेब मात्र तेव्हा हसले.

त्यांच्या हसण्याचा शेवट एका चित्रापाशी झाला. ते होतं त्यांच्या खापरपणजीचं. ही बाई बाळंतपणातच सवाष्ण गेलेली. म्हणून दर पितृपक्षात अविधवा नवमीला सगळं घराणं संग्रहात यायचं, चित्राच्या काचेवर कुंकू लावायचं, पाया पडायचं. चंदनाचा भरघोस हार तर बारा महिने. आधी घरी, मग इथे, चार पिढ्या हेच चालत आलेलं.

बाईंचा नियम असा, की नोंदीआधी वस्तूवरचं सगळं उतरवायचं. देव असला तरी. आमच्याकडे साफसफाईला नेरे गावापलीकडच्या वाडीवरून शेवंता यायची. तिने हार काढला, काच पुसली आणि फडकं हातात धरून तशीच उभी राहिली.

"बाई, हिच्या गल्यात कायच नाय!"

मी धावत पुढे झाले. गळा ओका. कपाळ कोरं. मंगळसूत्राची जागा हाराने झाकलेली, कपाळ कुंकवाने. आणि इतक्या माणसांनी इतकी वर्षं पाया पडताना मान खाली घातली, वर बघितलं एकानेही नाही. मीही नाही! बाईंनी चित्र उलटं केलं, मागचा तपकिरी कागद सोडवला. आत मोडीत एकच ओळ होती. त्यांनी ती वाचून दाखवली: "कृष्णी दाई. हिणे मज वाढविले."

म्हणजे आई गेल्यावर ज्या विधवा दाईने काकासाहेबांच्या पणजोबांना सांभाळलं, तिचं चित्र त्यांनी काढवून घेतलं होतं. बाईंनी त्याच दिवशी कार्ड लिहिलं.

काकासाहेब तणतणत आले. "बाई, आमच्या सुना-नातींनी मोलकरणीच्या पायावर डोकं ठेवलं म्हणता? तेही नवमीला?"

"मी काहीच म्हणत नाही. तुमचे पणजोबा म्हणतात."

"नाव बदला. नाहीतर खोल्या रिकाम्या करा."

"खोल्या तुमच्या, चित्र तुमचं," बाई म्हणाल्या. "पण नाव तिचं आहे. ते मी नाही पुसणार." त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. अठ्ठावीस वर्षांचं काम, आणि ही बाई पिशवी उचलून चालू लागली!

आठवड्याने संग्रह चालवणाऱ्या समितीने मला बोलावलं. सहाशे वस्तू रस्त्यावर येतील, कुठे ठेवणार, तूच समजूतदार आहेस, असं बरंच काही. मी घाबरले. हो, सरळ सांगते, घाबरले. हार परत चढला आणि मी नवीन कार्ड लिहिलं: 'काकासाहेबांच्या खापरपणजी.' कृष्णीचं कार्ड समितीने नेलं, ते पुन्हा दिसलं नाही.

महिन्याभराने बाई आल्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्या वर्षी त्या गेल्याच. शेवंताची चौकशी केली, माझ्या आईचा गुडघा कसा आहे ते विचारलं आणि चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर सरकवून, डोळे कार्डाजवळ नेऊन त्यांनी ती ओळ वाचली. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते. आता चार शब्द सुनावतील, मग मी रडेन, मग सगळं मोकळं होईल, असं मला वाटत होतं.

बाई वळल्या. नेहमी चहा देताना बोलायच्या तशा मायेने म्हणाल्या, "अक्षर सुरेख आहे हो तुझं."

आणि चपला घालून निघून गेल्या.