पाय ठेवायची जागा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी रोज साठतात, जुने नटबोल्ट आणि किस्से. नटबोल्ट भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, मग ते चहाबरोबर वाटावे लागतात!

माझं गॅरेज खडकी स्टेशनजवळ. काम क्रूझरचं, म्हणजे त्या लांबलचक, बसक्या, ऐटीत चालवायच्या मोटारसायकलींचं. पाय ठेवायचे पेग, गिअर आणि ब्रेक कुठे बसवायचे, हा माझ्या गिऱ्हाइकांचा कायमचा प्रश्न. पुढे बसवले तर आरामखुर्चीत पसरल्यासारखे पाय लांब होतात. मध्ये बसवले तर साध्या खुर्चीसारखे गुडघ्याखाली राहतात.

उघड्या डोळ्यांनी माणूस या बाबतीत हमखास खोटं बोलतो. म्हणून आमची पद्धत ठरलेली. गाडी स्टँडवर, गिऱ्हाईक सीटवर, हात हँडलवर आणि मी खडू घेऊन खाली. "डोळे मिटा, पाय सोडा!" पाय आपोआप जिथे जातील तिथे फरशीवर खूण करायची.

या पद्धतीचे सगळ्यात मोठे भक्त मोरे काका. कारखान्यातून रिटायर झालेले. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून गुडघा नीट वाकेना. त्यांची काळी क्रूझर माझ्याच कोपऱ्यात कव्हरखाली पडून होती. काकू त्यांना रोज सकाळी स्कूटरवर मागे बसवून आणून सोडायच्या. काका पाय ताणून खुर्चीत बसायचे आणि येईल त्याला फुकट सल्ला द्यायचे.

*

वाघोलीचा निखिल आयटीतला. उंची बेताची, गाडी भली मोठी. "दादा, फुल फॉरवर्ड करून टाका. लुक पाहिजे लुक!"

खूण अगदी मध्यावर पडली होती. त्याने ती बुटाने पुसून टाकली. म्हटलं, बरं बाबा, तुझे पाय, तुझी हौस. दिले बसवून पुढे.

दुसऱ्या दिवशी स्वारी रिक्षातून उतरली, कमरेवर हात ठेवून. मी विचारलं, "गाडी कुठाय?"

"घरी. दादा, फोटो एक नंबर आलेत. आता माझे पाय जागेवर आणून द्या!"

काका खुर्चीतून म्हणाले, "फोटो फ्रेम करून घे. ऑफिसला त्यावर बसून जात जा."

*

कसबा पेठेतले एक शेठ, तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. त्यांनाही पेग पुढेच हवे होते. काका त्यांना सांगून दमले की, अहो, तुमच्या गल्लीत सायकल वळत नाही! पण शेठ कुठले ऐकतात.

आठवड्याने आले ते तोंड पाडून. वळणावर गाडीच्या आधी त्यांचा बूट पोचला होता, तो थेट भाजीवालीच्या टोपलीत. बाई शांतपणे म्हणाली, "शेठ, हातानं निवडा की. पायानं मेथी निवडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय!"

शेठनी पेग मध्ये घेतले. मेथीही घ्यावी लागली म्हणे.

*

एक बँकेतले साहेब मात्र शहाणे निघाले. डोळे मिटून बसले, पाय सोडले, मी खूण केली. हाक मारली तर उत्तर नाही. साहेब चक्क घोरत होते!

हलवून उठवलं. म्हणालो, "साहेब, झालं माप."

"झालं? हरकत नसेल तर आपण पुन्हा एकदा सावकाश घेऊ या का? घरी सासुरवाडीची मंडळी आली आहेत."

*

आता काकांचं. काकूंनी एक दिवस स्पष्टच सांगितलं, "वापरात नसलेली गाडी गंजवत ठेवायची नाही. रविवारी एक जण बघायला येतोय."

काका माझ्याकडे वळले. "पेग पुढे घे रे. जातील तेवढे पुढे."

घेतले. रविवारी सकाळीच काका बसले. वाईट याचंच की आधी सगळं छान जमलं. पाय पोचला, गिअर पडला, गल्लीच्या टोकापर्यंत गाडी गेली. पण थांबताना डावा पाय जमिनीवर टेकवला आणि गुडघ्याने वजनच घेतलं नाही. मी आणि काकूंनी धावत जाऊन गाडी धरली, म्हणून निभावलं. काका उतरले आणि खुर्चीत जाऊन बसले. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, त्या दिवशी एक शब्द नाही. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात गाडी बघणारा आला. टाकीवर टिचकी मारून म्हणाला, "ठीक आहे. कधी नेऊ?"

"जरा थांबा," काकू म्हणाल्या. ओढणी कमरेला बांधली, गाडीवर बसल्या आणि डोळे मिटले. "हं, घ्या खूण."

"काकू, तुम्ही?"

"माहेरी शिरूरला दुधाचे कॅन लावून डेअरीत मोटारसायकल मीच न्यायचे. इथे कुणी विचारलंच नाही."

खूण बरोब्बर मध्यावर पडली. गाडी बघणारा गोंधळला. "मग विकायची नाही का?"

"चालवणारं कोणी नव्हतं म्हणून विकत होतो," काकू म्हणाल्या. "आता आहे."

मी काकूंचे पेग मध्ये घेतले. मागचे मात्र होतील तेवढे पुढे ओढले, काकांचा पाय सरळ राहावा म्हणून.

पहिल्या फेरीला निरोप द्यायला निखिल आला होता, शेठही होते. काका मागे चढले आणि त्यांना एकदम कंठ फुटला. "अगं, आधी आरसा बघ! क्लच हळू सोड! आणि गिअर टाकताना..."

काकूंनी पहिला गिअर टाकला आणि मागे न बघता म्हणाल्या, "अहो, डोळे मिटा, पाय सोडा!"