पाहुणे बसलेत

मावशी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायबलमधला शास्त्रपाठ वाचताना मध्येच दोन-तीन पानं एकदम उलटायच्या, आणि आम्हा सगळ्यांना कळायचं की पुढे देवाने कुणाला तरी मारलेलं असणार. जलप्रलय आला की पान उलटलं. एखादं शहर कापून काढायची आज्ञा झाली की उलटलं. चेहरा मात्र असा, की जणू वाऱ्यानेच पान उडालं. हसनाबादजवळच्या आमच्या वस्तीतल्या त्या पत्र्याच्या देवळात साधा पंखासुद्धा नव्हता, वारा कुठून यायचा?

त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा लवकर गेलेला, आवाज खणखणीत. त्यामुळे रविवारचा पाठ आपसूक त्यांच्याकडे आला. नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी उपासनेनंतर हळूच विचारलं, की देवाने मिसर देशातली थोरली लेकरं एका रात्रीत मारली, तो भाग तुम्ही का गाळलात? मावशींनी मागच्या बाकाकडे पाहिलं. शेजारच्या हिंदू आणि बौद्ध घरांतल्या दोघी-तिघी बाया सहज म्हणून येऊन तिथे बसत.

"पाहुणे बसलेत, साहेब. घरातल्या मोठ्या माणसाचा राग पाहुण्यांपुढं काढतेत का? तो प्रेमळ हाय, एवढं सांगू आधी. मंग बाकीचं."

पाळकसाहेब तरुण होते, त्यांनी विषय सोडला. आम्हाला ते उत्तर इतकं आवडलं की कुणाच्या घरात आदळआपट सुरू झाली की आम्ही हसून म्हणायचो, पाहुणे बसलेत.

एकट्या असल्या की मात्र मावशी देवाला सोडायच्या नाहीत. अंगणवाडीतलं एक पोर तापाने गेलं होतं, ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. भाकरी थापता थापता त्या वर बघून विचारायच्या, तू प्रेमळ आहेस हे मला बराबर ठाऊक आहे, मग त्या लेकराने तुझं काय बिघडवलं होतं? तोवर भाकरी करपायची. कुणी दारात आलं की डोळे पुसून सांगायच्या, "प्रार्थना करून राह्यले."

देवळाला लागून असलेल्या आमच्या खोल्यांच्या ओळीत मार्था राहायची. तिचा नवरा सुनील उपासनेत ढोलक वाजवायचा. फार गोड हात होता त्याचा. तोच हात घरी मार्थावर चालायचा. आम्हाला माहीत होतं. मधल्या भिंती एका विटेच्या, ऐकू न यायला काय झालं? आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो. हे लिहितानाही लाज वाटते.

एके दिवशी मार्था पिशवी भरून मावशींकडे आली आणि माहेरी जाते म्हणाली. मावशींनी तिला चहा पाजला, पाठीवर हळद लावली आणि समजूत घातली. ज्याचा जीव असतो तोच रागावतो, देवसुद्धा नाही का रागावत. सोस थोडं, चारचौघांत नेऊ नकोस. मग स्वतः हात धरून तिला घरी पोचवून आल्या. त्याच आठवड्यात सुनीलने मार्थाच्या कानाखाली अशी मारली की तिचा डावा कान कायमचा गेला.

रविवारी मार्था कानाला पट्टी बांधून पहिल्या बाकावर बसली होती. सुनील ढोलक घेऊन आपल्या जागी. त्या दिवशीचा पाठ वेगळाच होता, पण मावशींनी मिसरचा काढला आणि एकही पान न उलटता वाचला. घराघरांतून आकांत उठला, तिथे त्यांचा आवाज फुटला. शास्त्र मिटून त्या म्हणाल्या,

"हे मला कधीच पटलं न्हाई. म्हणून झाकत आले. देवाचं झाकायची सवय लागली, मंग ह्या सुनीलचं बी झाकलं. देवाला माझ्या झाकण्याची बिलकुल गरज नव्हती. पोरीला माझी गरज होती, आन् तिला मी परत त्याच घरात नेऊन घातलं."

पाळकसाहेब गडबडून पुटपुटले, मावशी, पाहुणे बसलेत.

"बसू द्या. त्यास्नीच संगं नेते."

आणि खरंच, मागच्या बाकावरच्या बायांना घेऊन त्या मार्थासोबत पोलीस ठाण्यात गेल्या. आमच्या मंडळीतलं कुणी जागचं हललं नाही.

मार्था त्यांच्याकडेच राहू लागली. मावशींनी पुन्हा पाठ वाचला नाही. मला तोंड नाही म्हणायच्या आणि मागच्या बाकावर पाहुण्यांत जाऊन बसायच्या. आम्ही कितीदा पुढे बोलावलं, आल्या नाहीत. देव प्रेमळ आहे असं अजून वाटतं का, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"वाटतं. क्रुसाच्या खांबावर तो मार खाणारा होता, मारणारा न्हाई. तेवढं मला कळलं. मिसरच्या लेकरांचं अजून न्हाई कळलं. वर गेले की पहिलं तेच विचारणार हाय."

मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या. शेवटपर्यंत मार्थानेच त्यांचं सगळं केलं.

आता पाठ मार्था वाचते. एकाच कानाने ऐकू येत असल्यामुळे तिला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. तो पार रस्त्यापर्यंत जातो. ती काही गाळत नाही. वाचून झालं की ती थोडी थांबते आणि उजवा कान आमच्याकडे करते. कुणी काही म्हणेल, असं तिला वाटत असावं. आम्ही माना खाली घालून बसतो.