अकराव्या पानावरचं वाक्य

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात योगिनी बोरस्ते सतरा वर्षं कॉस्टिंग बघत होती. एखाद्या भागाला किती पत्रा लागेल, मशीन किती वेळ चालेल, शेवटी तो कितीला पडेल, हे काढून देणं तिचं काम. निफाडची मुलगी, बी.कॉम. झालेली, बोलायला मोजकी. पण कधी एखादं वाक्य असं टाकायची की ते आठवडाभर ऑफिसात फिरायचं. ‘आपल्याकडे आधी उत्तर येतं, मग गणित,’ हे त्यातलंच. स्टोअरचे सोमनाथ नाना चहाच्या वेळी ते आपलंच असल्यासारखं ऐकवायचे. तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

दिवाळीनंतर मॅनेजमेंट कॉलेजातल्या ज्योत्स्ना मॅडम कारखान्यात यायला लागल्या. त्यांना केस स्टडी लिहायची होती. म्हणजे खऱ्या कंपनीची खरी हकिगत, नावं बदलून. शेवटी विद्यार्थ्यांना प्रश्न, मालकाच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केलं असतं? मालक देवरे साहेबांनी दोन वर्षांपूर्वी सिन्नरला दुसरा कारखाना घेतला होता, आणि तो अजून निम्माच चालत होता. हाच मॅडमचा विषय. साहेब खूश होते. आपल्यावर पोरं अभ्यास करणार म्हणून त्यांनी मॅडमना सगळ्यांशी बोलायची मोकळीक दिली.

मॅडम योगिनीशी दोन दुपारी बोलल्या. बाई मनापासून ऐकून घेणारी होती. मध्ये बोलत नव्हती, घाई करत नव्हती. आणि योगिनी बोलून गेली. सिन्नरचा कारखाना घेण्याआधी, तो दोन वर्षं निम्म्यावरच चालेल असा तक्ता तिने केला होता. साहेबांनी तो बघून म्हटलं होतं, “ऐंशी टक्के धरा.” तिने ऐंशी धरले. तोच तक्ता कर्जासाठी बँकेत गेला. “आमच्याकडे आधी उत्तर येतं, मग गणित,” ती म्हणाली आणि हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

जानेवारीत मसुदा मेलवर आला. साहेबांना कागदावर वाचायची सवय, म्हणून प्रिंट काढायला योगिनीलाच सांगितलं. चौदा पानं. कंपनीचं नाव वेगळं, शहराचं नाव नाही, साहेबांच्या जागी कोणी एक ‘मिस्टर राव’. अकराव्या पानावर तिचा हात थांबला. ‘एक जुना कर्मचारी सांगतो’ असं म्हणून तेच वाक्य दिलं होतं. इंग्रजीत गेलं तरी लपत नव्हतं.

प्रिंटर अजून गरम होता आणि तिची बोटं गार पडली होती. अकरावं पान बाजूला काढावं, असं मनात आलं. पण पानांवर क्रमांक होते, एक कमी असलं तर लगेच कळलं असतं. तिने चौदाही पानं स्टेपल करून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसली. त्या दिवशी केबिनची बेल वाजली की ती हातातलं काम सोडून दाराकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली, पण बोलावणं सोमनाथ नानांना होतं. दार लावलेलं होतं तरी साहेबांचा आवाज बाहेर येत होता. “अख्खं ऑफिस तुमच्या तोंडून हे वाक्य ऐकतं, नाना! परक्या बाईपुढे आपल्या घरची धुणी धुता?”  नाना बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई, मी त्या बाईशी धड बोललोबी नाय,” ते तिला म्हणाले. “चहा पाजला तेवढाच. साहेब म्हणत्यात, घरी बसा, कळवतो. रिटायर व्हायला दीड वर्ष हाय माझं.”

योगिनीने तोंड उघडलं. “बघू, नाना,” एवढंच बाहेर पडलं. नाना डबा घेऊन गेटबाहेर पडेपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली, आणि आपण किती भित्र्या आहोत हे तिला पहिल्यांदा नीट दिसलं.

घरी तिने नवऱ्याला, हर्षलला, सगळं सांगितलं. त्याने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “तू काही बोलू नकोस. त्यांचं दीड वर्ष राहिलंय, तुझी बारा आहेत. आणि तो बँकेचा तक्ता तुझ्या हातचा आहे. उद्या काही झालं तर साहेब म्हणतील, बाईने केला.” हे तिने स्वतःशीही म्हटलं नव्हतं. आता ते कोणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. ताटातली भाकरी तिने तशीच झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नानांच्या जागेवर कोणी नव्हतं. माल घ्यायला आलेली माणसं विचारत होती, नाना कुठे? अकरा वाजता योगिनी उठली.  बेल वाजायची वाट न बघता ती केबिनमध्ये गेली.

“साहेब, ते वाक्य माझं आहे. नानांनी काही सांगितलं नाही. मी सांगितलं.”

देवरे साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही? योगिनीताई, तुम्ही?”

“हो.”

“आणखी काय सांगितलंत?”

“ऐंशी टक्क्यांचं. बँकेच्या तक्त्याचं.”

साहेबांनी घाईघाईने पानं चाळली, पुढून मागे, मागून पुढे. “ते यात कुठे आहे?”

कुठेच नव्हतं. आपल्याच वाक्यावर डोळे खिळल्यामुळे तिने बाकीचं धड वाचलंच नव्हतं. मॅडमनी ती गोष्ट गाळली होती, आणि आता ती तिने स्वतःच साहेबांच्या हातात नेऊन दिली होती. साहेबांनी चौदाही पानं सारखी केली आणि खणात टाकली.

“जा तुम्ही,” साहेब म्हणाले.

नानांना त्याच दुपारी फोन गेला. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले. योगिनीशी काही बोलले नाहीत, तिच्या टेबलावर खिशातला पेरू ठेवून गेले. मसुदा छापायला साहेबांची सही लागणार होती, ती त्यांनी केली नाही. मॅडमनी दुसरी कंपनी शोधली. आठवड्याने योगिनीला पत्र मिळालं: पगार तोच, बदली सिन्नरला. कॉस्टिंगच्या कपाटाच्या चाव्या साहेबांनी स्वतः मागून घेतल्या.

सिन्नरच्या शेडमध्ये निम्म्या मशीनवर प्लॅस्टिक टाकलेलं होतं. योगिनी आत-बाहेर जाणाऱ्या मालाचे गेटपास लिहायची. बँकेची माणसं बघायला आली की तिचं अक्षर बिघडायचं. एप्रिलमध्ये साहेब आले, शेडमध्ये एक चक्कर मारली आणि तिच्यापुढे उभे राहिले.

“पुढच्या वर्षी हे किती चालेल, काढून द्या.”

“किती धरू?” तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

 साहेब गाडीकडे चालू लागले. योगिनीने दोन दिवस ऑर्डरी बघितल्या, मशीनवाल्यांना विचारलं, आणि पंचावन्न टक्के लिहून कागद पाठवून दिला. खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून सही केली.  त्या कागदाचं काय झालं, ते अजून तिला कोणी कळवलेलं नाही. फोन वाजला की ती आजही आधी नंबर साहेबांचा आहे का बघते, मग उचलते.