डोक्याला बांधायचा रुमाल

माझा डावा स्तन काढून दीड वर्ष झालं असेल. तेव्हा तालुक्यातल्या एका मंडळाचे अध्यक्ष दुसरबीडला आमच्या घरी आले. महिलांच्या कर्करोगावरच्या संशोधनाला मदत म्हणून त्यांनी सकाळी चालण्या-धावण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मी शाळेत शिकवते आणि माझा आजार मी कुणापासून लपवला नव्हता, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले. मी लगेच हो म्हटलं. ज्या औषधांनी मी वाचले, तीही कुणाच्या तरी संशोधनातूनच आली होती.

कार्यक्रमाच्या सकाळी मैदानावर गुलाबी टी-शर्ट वाटणं चालू होतं. बायका ते साडीवरूनच चढवत होत्या. अध्यक्षांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, तुमचे केस तं मस्त आले."

"हो, आले."

"मंग फोटोत कळंन कसं?" त्यांनी खिशातून एक गुलाबी रुमाल काढला. "हा बांधून घ्या डोक्याले. पेपरवाले येऊन राह्यले."

रुमालाला कुणाच्या तरी तेलाचा वास येत होता. माझे केस गळत होते तेव्हा सकाळी उशीवरून ते मूठभर गोळा करावे लागायचे. तो वास नाकात गेला तसा मी रुमाल त्यांच्या हातात परत दिला.

"मी बांधणार नाही," मी म्हटलं.

"काऊन? समाजासाठीच हाय ना."

मी नकाराची मान हलवली. ते चिडले नाहीत. मागे वळले आणि तोच रुमाल त्यांनी स्वतःच्या भावजयीला दिला. ती ठणठणीत बाई. आधी लाजून हसली, मग कॅमेरा समोर आल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला.

भाषणं झाली. बोलणारा प्रत्येक जण "बायकांचा तो आजार" म्हणत राहिला. स्तन हा शब्द कुणी उच्चारला नाही, गर्भाशय तर लांबच. मला योद्धा म्हणून शाल दिली. शाल घालणाऱ्या पाहुण्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती. कोणती बाजू गेली ते तो टी-शर्टावरून शोधत होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मी दोनदा अंघोळ केली, ती घामामुळे नव्हे.

भाषणांनंतर चालायला निघालो तेव्हा माझ्या शेजारी बीबी गावची एक बाई होती. गर्दी दिसावी म्हणून तिच्या बचत गटाला टेम्पोत घालून आणलं होतं. अर्धा रस्ता ती माझ्या पावलाला पाऊल जुळवत आली. मग हळूच म्हणाली, "बाई, गाठ दुखत नसली तं काई नसते ना?"

मी थांबले. "कुठं आहे?"

तिनं माझा हात धरला आणि रस्त्याकडेच्या टेम्पोआड नेऊन काखेजवळ ठेवला. गाठ टणक होती, हलत नव्हती.

"घरी सांगितलं का?"

"कोनाले सांगू? आज वाटलं, इथं सांगतीन कोनी."

तेवढ्यात एक कार्यकर्ता टेम्पोमागं डोकावला. "चला, चला, ग्रुप फोटो. टी-शर्ट सरळ करा." तिनं पटकन माझा हात सोडला आणि खरोखरच टी-शर्ट सरळ केला. त्या माणसाला मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात मी तिला जालन्याला दवाखान्यात घेऊन गेले. मला वाटलं तेच निघालं. ऑपरेशन झालं, औषधं झाली. केस गेले तेव्हा तिनं रुमाल बांधला नाही. तशीच डोक्यावर पदर घेऊन बाजारात जायची. आता ती बरी आहे, तपासणीला अजून आम्ही सोबत जातो. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र अध्यक्षांच्या भावजयीचा फोटो आला होता. खाली लिहिलं होतं, कर्करोगावर मात केलेली रणरागिणी.

यंदा पुन्हा अध्यक्षांचा फोन आला. मी म्हटलं, "एका खोलीत डॉक्टरीण बसवा. बायकांना तपासू द्या, मग येते."

"मॅडम, लोकं सकाळी खुशीनं येतेत. असं काई निघालं तं कार्यक्रमाचा मूडच जाईन."

मी फोन बंद केला. त्या सकाळी मी गेले नाही. बीबीचा टेम्पो मात्र भरून गेला, ती बाई तेवढी त्यात बसली नाही.